उजवा कौल, डावी जबानी

त्या पासपोर्टची आठवण झाली की आजही माझं डोकं तडकतं. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी रत्नागिरीजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. पालीच्या आतल्या गावातला एक पंचविशीचा तरुण ठाण्यात आला. मुंबईत नोकरी करता करता तो रग्बी शिकला होता. परदेशातल्या क्लबने त्याच्याशी एका हंगामाचा करार केला होता. खेळून पोट भरायचं, पगार घ्यायचा, अशी गावातल्या कुणालाही न मिळालेली संधी. निघण्यापूर्वी आईने पासपोर्ट देव्हाऱ्यात ठेवला आणि तिथूनच तो नाहीसा झाला. सहा दिवसांनी विमान होतं.

“रग्बी? क्रिकेट तरी खेळायचंस!” असं म्हणून मी हसलो. 'गहाळ' अशी नोंद करून त्याला वाटेला लावलं. देव्हाऱ्यातली चांदीची निरांजनं जागच्या जागी होती, हे तो सांगत होता. माझं लक्षच नव्हतं.

पाचव्या दिवशी बीट हवालदाराने चहाच्या टपरीवर ऐकलेली खबर आणली. पोराला परदेशी जाऊ द्यावं का, असा कौल त्याच्या काकांनी ग्रामदेवतेला लावला होता. आमच्याकडे गुरव मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलं लावतो. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

दुसऱ्या दिवशी काकांना बोलावलं. म्हातारा ताठ बसला. “व्हय, मीच लपवलाय. देवान डावा कौल दिलान, सायेब. देवाच्या शब्दाभायेर मी कसा जाव?”

हवालदाराने तर हात जोडले! मला मात्र त्या ताठपणाचाच संशय आला. तडक जीप काढून गुरवाकडे गेलो.

“डावा? कोन म्हनता?” गुरव उसळला. “उजवा दिलान देवान, येकदा नाय, दोनदा! ह्यो तिसऱ्यांदा मागीत व्हता. मी नाय लावला.”

परत येऊन टेबलावर हात आपटला. देवाच्या नावावर खोटं बोलताना जीभ कशी झडली नाही, असं विचारलं. म्हातारा रडू लागला. “माजे दोगे पोरगे मुंबयला. हा बी गेला तर बाग कोन बगनार?”

गोठ्याच्या माळ्यावर, गवताखाली पासपोर्ट सापडला. पण तोवर सहावा दिवस मावळला होता. विमान गेलं. पोराने एसटीडी बूथवरून क्लबला फोन लावला. हंगाम सुरू झाला होता, जागा दुसऱ्याला दिली होती.

मी गुन्हा दाखल करायला कागद ओढला. पोराची आई पदर तोंडाला लावून म्हणाली, “दीर हायेत, सायेब. घरातली गोष्ट.” पोराने 'तक्रार नाही' असं लिहून सही केली. काका त्या सहीकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क समाधान दिसलं. बाग राखायला माणूस मिळाला होता. असा संताप आला होता की काय सांगू!

कुठलीही चोरी झाली की आधी घरातल्यांना विचारायचं, हे या प्रकरणाने मला शिकवलं. फार उशिरा शिकवलं. जाताना तो पोरगा शांतपणे म्हणाला, “साहेब, पहिल्याच दिवशी काकांना बोलावलं असतंत तर?”

मी त्याला चहा विचारला. तो थांबला नाही.