सुरमईची कडी

आमच्या घरात कायदा पाळणारा माणूस एकच आहे, तो म्हणजे मी. आणि त्यामुळंच माझ्याबरोबर सहलीला यायला कुणी तयार नसतं.

अपवाद फक्त माझ्या सासऱ्यांचा. मामा बावड्याचे. उजनीच्या पाण्यात गळ टाकून त्यांनी उभं आयुष्य चिलापी धरली, पण सत्तरी गाठली तरी समुद्राचा मासा काही त्यांच्या गळाला लागला नव्हता. एकदा आमच्या जळोचीच्या द्राक्षबागेत मांडवाखाली बसून ते म्हणाले, "जावईबापू, एक सुरमई सोताच्या हातानं धरायची हाय. मग डोळं मिटलं तरी चालंल." सासऱ्यानं जावयाकडं काही मागावं हा योग दुर्मीळ. (एरवी मागणारा मीच.) मला इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी वही काढून मी बेत आखायला बसलो.

पहिला बेत जूनचा होता. गाडी सांगितली, बायकोनं चटण्या कुटल्या, आणि मग मला कळलं की पावसाळ्यात समुद्रात मासेमारीला सरकारी बंदी असते. ती उठेपर्यंत श्रावण लागला. श्रावणानंतर गणपती, गणपतीनंतर पितृपंधरवडा, मग नवरात्र. त्यानंतर आमच्या बागेची छाटणी, आणि त्या दिवसांत द्राक्षवाला स्वतःच्या लग्नालाही उशिरा जातो. सासूबाई कॅलेंडर घेऊन फोनवर बसल्या. सोमवार चालत नाही, गुरुवार चालत नाही, शनिवार मारुतीचा, एकादशी तर बोलायलाच नको, आणि मार्गशीर्षात घरात अंडंसुद्धा येत नाही. सरकारची बंदी दोन महिन्यांची, सासूबाईंची उरलेल्या दहा महिन्यांची! शेवटी तुळशीचं लग्न आणि मार्गशीर्ष यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत एक रविवार सापडला. तो हुकला असता तर पुढचं वर्षच उजाडलं असतं.

तारीख ठरली तसा मी नियमांच्या मागं लागलो. लहान मासे धरू नयेत म्हणून सरकारनं कोणत्या माशाचा किमान आकार किती हवा, याची यादीच काढलेली आहे. ती मी छापून आणली आणि लॅमिनेट केली. माणशी किती मासे घ्यायचे, हे मात्र यादीत कुठंच नव्हतं. मला ते बरं वाटेना, म्हणून मी आपला माणशी दोन असा नियम करून टाकला. मामांनी बावड्यातल्या सगळ्या भावकीला सुरमईच्या कालवणाचं आवतण देऊन ठेवलं होतं. तरी त्यांनी मान डोलावली, कारण जावई बीएस्सी ॲग्री.

आता आकार म्हणजे काय, हे द्राक्षवाल्याला शिकवावं लागत नाही. आकार म्हणजे मण्याची जाडी. मणी मोजायला आमच्याकडं गोल भोकांची पट्टी असते. मणी भोकातून पडला की बारीक, अडकला की पास. एका वर्षी आमचा माल मणी बारीक म्हणून परत आला होता आणि तेव्हापासून मी त्या पट्टीशिवाय बागेत पाऊल टाकत नाही. तेव्हा मी यादी घेऊन थेट वेल्डरकडं गेलो आणि एकेका माशाच्या नावाची, यादीतल्या आकड्याएवढ्या रुंदीची लोखंडी कडी करून घेतली. सुरमईची कडी तयार झाली तेव्हा वेल्डरनं स्वतःचं डोकं तिच्यातून आरामात आरपार काढून दाखवलं. एवढा जाड मासा असतो का, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, "समुद्राचा हाय."

रविवारी पहाटे आम्ही रायगडच्या किनाऱ्यावर पोचलो. मामा लहान मुलासारखे होडीत पुढं जाऊन बसले. होडीचा तांडेल अबोल माणूस होता, मागं इंजिनापाशी बसून तो सुकाणू सांभाळत होता. मी कड्यांची माळ गळ्यात अडकवली. (पोतराज दिसत होतो, असं मामा नंतर म्हणाले.) आणि मासे लागायला लागले! एकामागून एक! मामा ओढत होते, मी कडीतून मासा सोडत होतो, आणि मासा सुळकन पलीकडं समुद्रात जात होता. बांगडा गेला, पापलेट गेलं, एक भलीमोठी काटेरी मासळीबाई गेली, तिचं नाव मला अजून माहीत नाही. एकही पास होईना. तिकडचा माल इतका बारीक कसा, याचंच मला नवल वाटत होतं.

मग मामांची दोरी ताणली. अर्धा तास ते झुंजले. मी कमरेला धरलं होतं म्हणून, नाहीतर तेच समुद्रात गेले असते. आणि वर आली सुरमई! मामांच्या कमरेपर्यंत लांब, चांदीसारखी लखलखीत. मामांचे डोळे भरून आले, माझेही आले. पण कायदा तो कायदा. मी कडी पुढं केली. सुरमई तिच्यातून अंगाला लोखंड न लागता गेली असती.

"मामा," मी म्हणालो, "साईजला कमी हाय."

मामांनी सुरमईकडं बघितलं, कडीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "तुमी शिकल्यालं हायसा," एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ती पाण्यात सोडली.

परत फिरताना मी तांडेलाला विचारलं, इकडं कायद्यात बसणारा मासा कुठं मिळतो? त्यानं माझ्या गळ्यातल्या माळेचं कारण विचारलं. मी समजावून सांगितलं. त्यानं इंजिन बंद केलं. मासा तोंडापासून शेपटीपर्यंत मोजतात, असं त्यानं मला शांतपणे सांगितलं, आणि म्हणाला, "मना वाटला, तुमचा काय तरी नवस हाय."

मी माळ गळ्यातून काढून होडीच्या तळाशी ठेवली. बंदरावर विकत घेऊ म्हटलं तर मामांनी मान हलवली. इकत घ्यायची असती तर इंदापूरच्या बाजारात मिळत न्हवती व्हय, म्हणाले. घाट चढताना मला वाटत होतं की आता मेलो तरी बावड्यात पाय ठेवता यायचा नाही.

पण झालं उलटंच. रिकाम्या हातानं गेलेल्या मामांना पारावर लोकांनी विचारलं, मासा कुठं हाय? मामांनी हात फाकवून सुरमई दाखवली आणि म्हणाले, जावयानं सोडली. मासाच नाही म्हटल्यावर तो केवढा होता हे कोण खोडून काढणार? तेव्हापासून ती सुरमई दर महिन्याला वीतभर वाढते आहे. परवा मी पारावर असताना तर ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीएवढी झाली. लोक हसायला लागले तसे मामा माझ्याकडं वळून म्हणाले, "जावईबापू, तुमी मोजली हुती का न्हाय?"

आणि मी, ज्यानं जन्मात एकच सुरमई मोजली आणि तीही आडवी, छातीठोकपणे सांगितलं, "व्हय मामा, मोजली हुती."