गोणपाट झटकायचं नाही

तित्तरवाले दोघे भेटले की गप्पा तित्तरावर सुरू होतात आणि नागावर येऊन थांबतात. ऐंशीच्या दशकात आमच्या धुळ्याच्या गल्लीत तिघांनी तित्तर पाळलेले : नाना, प्रकाश आणि मी. त्यामुळे भीतीचा स्टॉक भरपूर!

तित्तराला खायला उधई लागते, म्हणजे वाळवी. संध्याकाळी माळावर वारुळाजवळ शेण फासलेलं ओलं गोणपाट अंथरायचं, सकाळी गुंडाळून घरी आणायचं. झटकायचं मात्र नाही, अर्धी उधई मातीत जाते! वारुळात नाग असायचाच, म्हणून तित्तराचा पिंजरा सोबत न्यायचा. तो ओरडतोय तोवर ठीक. गप्प झाला म्हणजे नाग जवळ! मग नाना, आमचे म्होरके, म्हणायचे, "चला रे, आज उपास!"

प्रकाशची पहिल्यापासूनच टरकायची. एकदा भर मे महिन्यात गमबूट, हातमोजे आणि वर हेल्मेट घालून आला. तित्तर एकदम गप्प! आम्ही जीव खाऊन पळालो. माळाच्या टोकाशी नाना धापा टाकत म्हणाले, "अरे, तो तुलेच घाबरना!"

एकदा गोणपाट उचलताना माझ्या बोटांना काहीतरी गार, गुळगुळीत लागलं. बोबडीच वळली माझी! नानांनी काठीनं ओढून काढली सायकलची जुनी ट्यूब. सगळे हसले.

नानांना मात्र नागापेक्षा अक्कांची, म्हणजे बायकोची भीती. एकदा गोणपाट त्यांच्या लाकडी पेटीवर विसरलं.

"उधईनी मना बठ्ठा लुगडा खाई टाकात!" अक्का कडाडल्या.

"मग तित्तर सोडू का पेटीमा?" नाना गरीब तोंड करून म्हणाले.

त्या दिवशी नाना माझ्याकडे जेवले.

पण एक सकाळ आठवली की अजून अंगावर काटा येतो. वारूळ नाल्यापलीकडे होतं, म्हणून पिंजरा सायकलच्या हँडललाच राहू दिला. "पाच मिनिटनं काम शे," नाना म्हणाले. लांबून तित्तराचं ओरडणं ऐकू येत होतं. आम्ही दोघांनी गोणपाट गुंडाळलं आणि सायकलपाशी आलो. नाना सीटवर, मी मागे कॅरिअरवर, गोणपाट माझ्या मांडीवर.

निघालो आणि तित्तर गप्प झाला.

बाभळी आल्या, गप्प. पूल आला, गप्प. माळ मागे राहिला, वारूळ मागे राहिलं, तरी गप्पच! तेवढ्यात मांडीवर काहीतरी सरकलं.

"नाना, थांबा! गोणपाट हालतंय!"

नानांनी मागे पाहिलं नाही, ब्रेकही मारला नाही. हळूच म्हणाले, "हालू दे. तू हालू नको!"