काठीला लावलेली मिरची

आमच्या घरी कुत्र्याचं पिल्लू आलं ते बाजाराच्या पिशवीतून. सासरे भोकरदनच्या बसने जालन्याला उतरले, रिक्षा करून घरी आले, तेव्हा त्यांच्या एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातातल्या पिशवीतून दोन कान बाहेर डोकावत होते. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. गावात एकटे राहू नका, डोळ्याचं ऑपरेशनही इथंच करून घेऊ, असं यांनी महिनाभर फोनवर विनवलं, तेव्हा कुठे ते यायला तयार झाले होते. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मी दारातच विचारलं, "मामा, हे काय आणलं?"

"कुत्र्याचं पिल्लू हाय," ते म्हणाले. जसं काही मला ते दिसतच नव्हतं.

"आणि नाव काय याचं?"

"यू यू म्हणलं की येतंय. नाव कशाला पाह्यजे?"

मी हसले आणि आत जाऊन भांडी आपटली. माझा स्वभावच तसा आहे. माणसासमोर बोलायचं नाही, भांड्यांशी भांडायचं. तेवढी एक सवय मी वेळेवर मोडली असती, तर आज हे लिहायला बसावं लागलं नसतं.

पहिल्याच आठवड्यात माझी एक चप्पल गेली. एकच. दुसरी नवीकोरी शिल्लक, त्यामुळे ती टाकवतही नव्हती आणि घालताही येत नव्हती. मग सोफ्याचा कोपरा, मग यांच्या मोबाइलच्या चार्जरची वायर. शेजारच्या मारवाडी भाभींच्या दारातलं पायपुसणं तर त्याने आमच्या अंगणात आणून सावकाश, धागा धागा वेगळा करून संपवलं. मी माफी मागायला गेले तर भाभीच मला म्हणाल्या, "ताई, त्याला त्याचं असं काहीतरी चावायला द्या ना. माझ्या भावाकडे असंच केलं, बिलकुल बंद झालं बघा." मी हो हो म्हटलं आणि मनात म्हटलं, आता कुत्र्याला खेळणी आणू का?

मामांना मात्र काहीच वाटत नव्हतं. "दात येऊन राह्यले त्याचे," ते म्हणायचे. "लेकरू न्हाई का दिसंल ते तोंडात घालत?" भाभींचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून त्यांनी तागाच्या सुतळीचा तिपेडी दोर वळला, त्याला हातभर अंतरात चार पक्क्या गाठी मारल्या आणि पिल्लापुढे टाकला. ते त्याच्यावर असं तुटून पडलं की घरातल्या बाकीच्या वस्तूंकडे पुढे दहा दिवस त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

तेवढ्यात संक्रांत आली. माझ्याकडे हळदीकुंकवाला तीसेक बायका यायच्या होत्या आणि तो लाळेने भिजलेला, कुबट वासाचा दोर बैठकीत मधोमध पडलेला. मी तो दोन बोटांनी उचलला आणि घंटागाडीत टाकला. संध्याकाळी मामा विचारायला आले तर म्हटलं, "मी नाही पाहिला."

दोन दिवस ते शोधत होते. पलंगाखाली काठी फिरवून पाहायचे, कपाटाच्या मागे हात घालायचे. शेवटी स्वतःशीच म्हणाले, "इथंच असंल. मलाच दिसत न्हाई आजकाल." मी स्वयंपाकघरात होते. ते ऐकलं आणि कणीक मळत राहिले.

मग त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा, दिवसातून चार वेळा थेंब, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. सुतळी वळणं तर लांबच. थेंब मी घालायचे, आणि दर वेळी साबणाने हात धुऊन घालायचे. त्यात मी कसूर केली नाही. पण दोर गेलेलं पिल्लू आता मामांच्या काठीमागे लागलं. ती पलंगाला टेकलेली असायची, आणि ते नेमकी तिची मूठ चावायचं. मामांच्या तळहाताचा घाम मुरलेली मूठ. त्याला तिथेच गोडी वाटत असेल. आठ दिवसांत तिच्या ढलप्या निघायला लागल्या. मामांच्या हातात त्या रुतत असणार, पण ते बोलले नाहीत. मीच चिडले.

आमच्याकडे लेकरू अंगठा चोखायचं सोडत नसेल, तर अंगठ्याला कडुलिंबाचा पाला वाटून लावतात आणि तेवढ्यानेही नाही सुटलं तर मिरची. माझ्या मुलाचा अंगठा मी असाच सोडवला होता. लेकराचं तेच कुत्र्याचं, असं मी धरून चालले. आधी कडुलिंब लावून पाहिला. पिल्लाने तो चाटून घेतला आणि चावणं पुन्हा सुरू. मामांच्या ताटातली झणझणीत आमटी-भाकरी खाऊन वाढलेलं पिल्लू ते, त्याला मिरचीचं तरी काय वाटणार होतं? पण एवढं डोकं चालवायला मी शांत असायला हवं होतं. दुपारी मामा झोपले, तेव्हा मी खलबत्त्यात लवंगी मिरच्या कुटल्या, थोडं पाणी घातलं आणि फडक्याने काठीच्या मुठीला तो रस चोळला. ते उठायच्या आत पुसून घेऊ असं ठरवलं होतं. तासाभराचं तर काम.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. मी मागच्या खोलीत जाऊन मनसोक्त गाऱ्हाणं घातलं. कुत्रं, त्याची लाळ, मामांचे थेंब, त्यांचं ते यू यू. मी त्यांची नक्कलही केली, दोघी हसलो. मधेच फरशीवर काठीचा आवाज आला. मामा उठून न्हाणीघराकडे गेले आणि परत आले. तो आवाज मी ऐकला. मिरची आठवली. आणि तरीही चाललेलं बोलणं पुरतं संपवून मगच फोन ठेवला.

बाहेर आले तर मामा पलंगावर बसलेले, चष्मा बाजूला, तळहात डोळ्यावर दाबलेला. डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि पिल्लू मांडीवर पाय ठेवून त्यांचा गाल चाटत होतं.

"काय झालं, मामा?"

"काही न्हाई. गेलं असंल काहीतरी."

मी काय केलं ते सांगते. मी आधी काठी पुसली. ओल्या फडक्याने, दोनदा. मग त्यांचे हात धुतले, आणि मग यांना फोन केला.

डॉक्टरांनी विचारलं, "डोळ्यात नक्की काय गेलं? हात लागला का?" मामांनी एक डोळा मिटलेला ठेवून माझ्याकडे पाहिलं. यांनीही पाहिलं. डॉक्टरांना खरं कळणं किती गरजेचं होतं हे मला तेव्हाही समजत होतं, मी काही अडाणी नाही. पण माझ्या तोंडून निघालं, "घरात कुत्रं आहे. ते तोंड चाटतं मामांचं."

झालं. डोळा धुतला गेला, थेंब बदलले आणि कुत्रं लांब ठेवा म्हणून ताकीद मिळाली. हे इतके घाबरले होते की दुसऱ्याच दिवशी गावाकडच्या चुलतभावाला गाडी घेऊन बोलावलं. मामांनी वाद घातला नाही. सकाळी पिल्लाला हाताने भाकरी भरवली, आणि ते गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "बांधून ठेवू नका म्हणावं."

पंधरा दिवसांत डोळा बरा झाला. मला वाटलं होतं, डोळा निवळला की माझ्या मनातलंही निवळेल. तसं झालं नाही. मामांना आता सगळं लख्ख दिसत होतं आणि मला त्यांच्यासमोर बसायची लाज वाटायची. ताट वाढून मी आत पळायचे. ते दिवसभर ओट्यावर एकटे बसलेले असत.

उन्हाळ्यात वर्षाचे गहू निवडायला काढले. मामा माझ्यासमोर ताट घेऊन बसले होते. एकही खडा त्यांच्या नजरेतून सुटत नव्हता. मी मान खाली घालून बोलले, "मामा, त्या दिवशी त्या पिल्लाने काही केलं नव्हतं. काठीला मी मिरची लावली होती."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. हात थांबला नाही.

"कधीपासून?"

"तव्हापासूनच. हाताला वास येत व्हता. जलम मिरचीच्या वावरात गेला माझा, मला वास कळत न्हाई का?"

"मग डॉक्टरांसमोर बोलला का नाहीत?"

"म्हणलं तू बोलशील. मंग त्याला गाडीत बसवलं, तव्हा म्हणलं आता बोलशील. मंग म्हणलं, डोळा बरा झाला की बोलशील." त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. "सुनेला लेकासमोर मी कसं खोटं पाडू?"

मला रडू आलं. म्हटलं, आपण त्याला परत आणू, मी आजच फोन करते. त्यांनी ताटातले गहू बोटांनी पसरले.

"आता त्याला तिथला लळा लागला," ते म्हणाले. "पुन्हा कशाला तोडायचं?"

संध्याकाळी हे घरी आले. मी म्हटलं, तुम्हाला एक सांगायचंय. मामांनी ते ऐकलं, उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले, जाताना दार पुढे ओढून घेतलं, मला त्यांच्यासमोर सांगावं लागू नये म्हणून.