हरणाची म्हैस झाली तेव्हा

शूटिंग संपून महिना झाला, तरी माझी सुटका नाही. शाळेच्या गेटवर, पिठाच्या गिरणीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, जिथं जाईन तिथं बायका धरतात. "सांग की गं, तिथं काय काय झालं?" एक सांगायला घ्यावं तर त्याच्या पोटातनं दुसरं निघतं, दळण होऊन जातं तरी आमचं संपत नाही. म्हटलं, एकदा बसून लिहूनच काढावं!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लहान मुलांची एक कादंबरी आहे. त्यात एक मुलगी उडत्या हरणावर बसून ढगांच्या गावाला जाते आणि तिथं स्वतःच उडायला शिकते. त्याचा सिनेमा आपल्या कोल्हापुरात झाला, आणि त्यातली मुलगी म्हणजे आमची गौरी! शाळेत येऊन निवडली तिला. मी गल्लीभर पेढे वाटत होते, तेवढ्यात निखिलसरांचा, म्हणजे डायरेक्टरचा फोन आला. "ताई, शेवटच्या दिवशी गौरीला क्रेनला बांधून उडवायचंय."

हातातला पेढा हातातच राहिला. गौरी सातव्या महिन्यात जन्मलेली, काचेच्या पेटीत ठेवून जगवलेली पोरगी. तिला मी बागेतल्या झोक्यावर एकटी बसवत नाही!

सर म्हणाले, "तुम्ही हो म्हटलं तरच. नाहीतर उडण्यापुरती पुण्याची एक मुलगी आणू."

मी म्हटलं, "तीच आणा."

गौरी म्हणाली, "मीच उडणार!"

सर म्हणाले, "शेवटच्या दिवसापर्यंत विचार करा."

तेव्हापासून रोज झोपताना ती क्रेन डोळ्यांपुढं. पण खरं सांगते, त्या क्रेनसकट जेवढी हसले तेवढी आयुष्यात हसले नव्हते!

*

आधी हरणाचं सांगते. हरीण पडलं जंगली जनावर, त्याला कॅमेऱ्यापुढं उभं करायची परवानगी मिळेना. कॉम्प्युटरवर करावं तर बजेट नाही. वैतागलेले निखिलसर गंगावेशीत दूध प्यायला गेले. तिथं गिऱ्हाइकापुढंच धार काढतात त्या कट्ट्यावर बबनमामा गवळ्यांची चांदणी म्हैस धार द्यायला उभी. शिंगं रंगवलेली, कपाळाला मोरपीस, गळ्यात घुंगरं. सर ग्लास तोंडाजवळ धरून म्हणाले, "हीच!"

आता कादंबरी लिहिणाऱ्या बाईंना कोण सांगणार? बाई आजऱ्याच्या, रिटायर्ड शिक्षिका. पहिल्याच दिवशी सेटवर आल्या. सरांनी घाबरत घाबरत चांदणी दाखवली. बाईंनी चष्मा लावला, शिंगापासून शेपटीपर्यंत बघितलं.

"काय हो," बाई म्हणाल्या, "माझं हरीण बाळंतपण करून आलंय का?"

*

आपल्याकडं दिवाळीत म्हशी पळवतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. मालक फटफटीवर पुढं, म्हैस मागं. चांदणी त्यातली नंबर काढणारी. हे सिनेमावाल्यांना कुणी सांगितलंच नव्हतं!

थर्माकोलचा ढगांचा राजवाडा उभा केलेला. ढगांचा राजा दाढी लावून सिंहासनावर. सर माईकवरनं ओरडले, "ॲक्शन!"

चांदणी रवंथ करतीय.

"ॲक्शन!"

चांदणीनं कान हलवला.

बबनमामा म्हणाले, "सर, तुमचं राहू द्या. सरका." आणि त्यांनी आपल्या फटफटीला किक मारली. धाडधाडधाड! चांदणी शेपूट वर करून जी सुटली, ती राजवाडा शिंगावर घेऊनच पलीकडं निघाली! राजा सिंहासन सोडून लायटीच्या खांबावर! मामांनी गाडी बंद केली तशी ही बया त्यांच्या खांद्यावर तोंड ठेवून गरीब गायीसारखी उभी.

साउंडवाल्यानं कानावरचा हेडफोन काढला. "सर, ढगात फटफटीचा आवाज आलाय. लोक काय म्हणतील?"

बबनमामा म्हणाले, "कोल्हापूरचं ढग हायत म्हणून सांगायचं!"

*

सिनेमात काल जसं दिसलं तसंच आज दिसावं लागतं, त्याला कंटिन्युटी म्हणतात. मला हे कळल्यावर मी गौरीची नखंसुद्धा कापायची बंद केली. चिमटा कुठला, रिबिनीची गाठ कशी, सगळं ध्यानात ठेवायचे. माझ्यामुळं पोरीला काही ऐकून घ्यायला लागू नये, एवढंच.

आणि बबनमामा! राजवाडा मोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी चांदणीला घेऊन आले, तर तिच्या अंगावरचे केस कातरून नक्षी काढलेली! एका अंगाला मोर. दुसऱ्या अंगाला मामांच्या कुस्तीच्या तालमीचं नाव, एवढ्या मोठ्या अक्षरात, खाली दोन वाघ!

सरांनी डोकं धरलं. "मामा, हे काय केलंत?"

मामांनाच वाईट वाटलं. "म्हंजे? लेक सिनेमात निघाली, पावणं, तिला काय तशीच पाठवायची व्हय?"

मोर चालवून घेतला, जादूची म्हैस आहे म्हणून. पण तालीम कशी चालवणार? मग मोराच्या बाजूनंच शूटिंग करायचं ठरलं. म्हणजे ढगांकडं जाताना मोर दिसणार. परत येताना दुसरी बाजू कॅमेऱ्यापुढं येणार, म्हणून सरांनी परत येणंच काढून टाकलं!

*

हे मला कळलं तेव्हाची गंमत ऐका.

सरांनी घरी कादंबरी दिली होती. सातवीनंतर एवढं जाड पुस्तक मी हातात धरलं नव्हतं. पण आपल्या पोरीचं पुढं काय होणार हे आईला नको कळायला? मी आधी शेवटचं पान उघडलं. मुलगी घरी येते, तिची आई भाकरी थापत असते, म्हणते, "हात धू आणि बस." बास! जीव भांड्यात पडला. मग निवांत पहिल्या पानापासून वाचलं.

आणि आता सर सगळ्यांना सांगतायत, "एंड आपण ओपन ठेवतोय. मुलगी ढगातच राहते."

मी उठले. "राहते म्हंजे? घरला न्हाय येत?"

"ते प्रेक्षकांनी ठरवायचं, ताई."

"प्रेक्षक कोण ठरवणारे? गौरे, चप्पल घाल. चल."

"अहो ताई, सिनेमा आहे हा!"

"असू दे की! जेवायच्या वेळेला घरात पाहिजे ती!"

खुर्चीतनं लेखिका बाई उठल्या, माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "मी कधीपासून हेच सांगतेय! माझं कुणी ऐकलं नाही. आता ऐका!"

सरांनी एकदा बाईंकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, एकदा गौरीच्या पायातल्या चपलेकडं. शेवटी परत येणारी चांदणी सरळ समोरनं घ्यायची ठरली. तोंडावर मामांनी काही कोरलं नव्हतं, नशीब!

*

आमच्या सासूबाई शूटिंग बघायला आल्या तो दिवस तर मी विसरणारच नाही. पहिल्यांदाच येणार, म्हणून मी माहेरची हिरवीगार साडी नेसले, हातभर हिरवा चुडा. तिथं मागं हिरवं कापड लावलेलं असतं आणि जे जे हिरवं असेल तिथं कॉम्प्युटर ढग भरतो, हे मला कुणी सांगितलंच नाही!

मी आपली गौरीच्या बटा सारखी करत तिच्याशेजारी उभी. सासूबाईंना मानानं, शूटिंग दिसतं त्या टीव्हीपुढं बसवलेलं. एकदम किंकाळी आली, "अगं बया बया! सुनंचं मुंडकं!"

धावत जाऊन बघते तर सासूबाई टीव्हीकडं बोट करून देवाचा धावा करतायत. युनिटच्या माणसांनी टीव्हीवर मागचं चित्र परत लावून दाखवलं. ढगात माझं नुसतं डोकं, दोन पंजे, आणि तोंड सुरू, "गौरे, हलू नको, हलू नको." सगळं युनिट लोळून हसायला लागलं.

सासूबाईंना कॉम्प्युटरचं समजावून सांगितलं. त्यांनी पदरानं घाम पुसला, परत एकदा टीव्हीकडं निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "असंच राहू दे की मग. नुसतं तोंडच चालतंय हिचं. बाकीचं कुठं कामाचं हाय?"

*

आणि शेवटचा दिवस. पुण्याची मुलगी आली होती. गुणी पोर, आईशेजारी गप बसलेली. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

गौरी रडली नाही, हट्ट केला नाही. डोक्यावरचा पिसांचा मुकुट काढला, त्या पोरीपुढं धरला. "घे. आमची आई न्हाय म्हणत्या."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी तो मुकुट मधेच घेतला आणि गौरीच्या डोक्यावर परत बसवला, घट्ट.

मग माझ्यासाठी आधी तांदळाचं पोतं वर नेऊन दाखवलं. पोत्यावर माझा विश्वास बसेना, तर निखिलसर स्वतः पट्टा बांधून लोंबकळले! बबनमामा खालनं म्हणाले, "वैनी, सर टिकलं, पोरगी काय वजनाला!" सगळे बकल मी हातानं ओढून बघितले. आणि गौरी वर गेली.

सरांनी माईक उचलला.

"ॲक्शन!"

काहीच नाही.

"गौरी, हात पसर बाळा. ॲक्शन!"

काहीच नाही. कुणीतरी पुटपुटलं, "घाबरली." सर ओरडले, "गौरी, खाली घेऊ का?"

वरनं आवाज आला. "मी न्हाय घाबरलेली! आईनं डोळं मिटल्यात. ती बघंस्तवर मी न्हाय उडणार!"

माझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात पडला, बहुतेक लेखिका बाईंचा. क्रेनवाला केबिनमधनं ओरडला, "ओ वैनी! उघडा की डोळं! पोरगी लोंबकळाय लागलीया वर!"

मी उघडले.

गौरीनं हात पसरले.