संदर्भसूचीतली माणसं

प्रोजेक्टच्या शेवटची जी पानं जगात कोणी वाचत नाही, ती वाचायचा मला पगार मिळतो. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवतो आणि एम. ए.च्या पोरांचे प्रोजेक्ट तपासतो. एवढं वाचून ज्ञान किती वाढलं ते विचारू नका! किस्से मात्र इतके साठलेत की चहा आला की स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणतंच, "सर, होऊन जाऊ द्या एखादी तळटीप!"

विषय आमच्याकडे दोनच, दुष्काळ आणि सहकार. पोरगं पाटोद्याचं असो की आष्टीचं, फॉर्म भरताना या दोनांपैकी एकावर बोट ठेवतं. फारच हुशार असलं तर 'दुष्काळ आणि सहकार'!

आता सांगतोय ते सगळं एकाच वर्षातलं. त्याच्या आदल्या वर्षी विद्यापीठाने आमचे झाडून सगळे प्रोजेक्ट परत पाठवले होते. शेरा एकच, 'संदर्भ नाहीत.' पुन्हा तसं झालं तर पोरं नापास, असं पत्रात स्वच्छ लिहिलेलं. बाकीची पोरं पुढच्या वर्षी परत बसली असती. वर्गातल्या मनीषाला मात्र ते जमणारं नव्हतं. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. यंदा पास झाली तर पुढचं बघू, नाहीतर पुढच्या हंगामाला हातात कोयता, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. ही एवढी मुदतसुद्धा आईने घरात भांडून मिळवलेली. तेव्हा त्या वर्षी संदर्भांच्या बाबतीत मी पार फौजदार झालो होतो.

*

पहिला तावडीत सापडला दत्ता. त्याने पिण्याच्या पाण्यावर गावातल्या बावीस जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. कष्टाळू पोरगं. पण संदर्भसूचीतलं पहिलंच नाव, 'आमचे तात्या.'

"अरे, कोणाचे तात्या?"

"माझे, सर."

"वाचणाऱ्याला कसं कळणार? पूर्ण नावं लिही, आणि आडनावाच्या अकारविल्ह्याने यादी लाव."

तो डोकं खाजवत तसाच उभा. "सर, आमच्या गावात आडनावच एक हाय."

खरंच होतं. बावीसच्या बावीस एकाच भावकीतले! मग मी म्हटलं, पहिल्या नावाने लाव. त्याने लावली. आठवड्याभराने स्टाफरूमच्या दारात तीन म्हातारे हजर.

"यादी लावणारे सर तुमीच का?" त्यांतले सगळ्यात वयस्कर म्हणाले. "मी दत्ताच्या बापाचा थोरला चुलता, विठ्ठल. माझा नंबर एकोणीस! अन् भावकीतला त्यो अंकुश, ज्याला काल मिशी फुटली, त्यो पैला! कावून?"

मी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि अकारविल्हे समजावून सांगितले. 'अ' आधी येतो, 'व' मागून येतो, यात कोणाचा मान-अपमान नाही, वगैरे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ते शाळंत ठीक हाय," म्हातारा म्हणाला, "पर आमी काय आता शाळंत न्हाईत."

शेवटी यादी वयाने लागली. खाली टीप टाकली, 'क्रम वयोमानानुसार.' जगातल्या कुठल्याही संदर्भपद्धतीत हे बसत नाही, पण त्या गावात मला जायचं होतं.

*

"दुसऱ्याचं वाक्य घेतलं की अवतरणचिन्हात टाका!" हे मी वर्गात इतकं ओरडून सांगितलं की बालाजीच्या मनावर त्याचा परिणाम झाला.

त्याचा प्रोजेक्ट सहकारी संस्थांवर. पहिल्या पानावर पहिल्या शब्दाआधीच अवतरणचिन्ह उघडलेलं. ते बंद कुठं होतंय ते बघत मी पानं उलटत गेलो. पहिलं प्रकरण संपलं, दुसरं संपलं, निष्कर्षही संपले. चिन्ह बंद झालं ते थेट शेवटच्या पानावर, शेवटच्या पूर्णविरामानंतर!

"हे काय रे?"

"सर, सगळंच दुसऱ्याचं हाय. मधीमधी कशाला उघडझाप करायची?"

इतक्या प्रामाणिक माणसावर रागवायचं तरी कसं? मी म्हटलं, "निदान मनोगत तरी तुझं आहे ना?"

"ते शंभर टक्के माझं! इरफानभाईकडं शेजारी बसून करून घेतलंय." इरफानभाई म्हणजे आमच्या गेटसमोरचे डीटीपीवाले.

मी मनोगत वाचलं. 'हे लेखन करीत असताना माझ्या पतींनी व सासूबाईंनी घरची संपूर्ण जबाबदारी उचलली. त्यांच्या ऋणात राहणेच मला आवडेल.'

बालाजीचं लग्न व्हायचं होतं!

मी तसाच रस्ता ओलांडून इरफानभाईंकडे गेलो. ते शांत. "मजकूर लई चांगला हाय, सर. आजपर्यंत पस्तीस-चाळीस पोरांनी घेतला. कुणाच्याच सासूची तक्रार आली न्हाई."

*

मग बालाजीला म्हटलं, पुस्तकं ठेव बाजूला आणि माणसं गाठ. तो एका संस्थेच्या चेअरमनकडे गेला. गावाचं नाव सांगत नाही, मला तिकडूनच घरी जावं लागतं. चेअरमननी दोन तास मुलाखत दिली, वर जेवू घातलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन कॉलेजात आले. हातात पाकीट. पाकिटात स्वतःचा रंगीत फोटो, फेटा बांधून, हात जोडलेला.

"पैल्या पानावर टाका. मोठा."

"साहेब, संदर्भसूचीत फोटो नसतो."

"मंग लोकांना कसं कळायचं, मी हाय म्हणून?"

"नाव असतं ना, तारीख असते..."

"नाव तर मतदारयादीत बी असतंय, सर!"

बालाजी मात्र फोटो टाकायला तयार झाला होता. पुढच्या मसुद्यात तालुक्याच्या नकाशाआधी, तक्त्यांच्याही आधी, अख्ख्या पानावर चेअरमन हात जोडून उभे. खाली व्यवस्थित मधोमध छापलेलं, 'आकृती क्र. १ : स्रोत.'

*

दत्ताला मी सांगितलं होतं, पावसाचा आकडा कुठून ऐकून लिहायचा नाही, मूळ स्रोत बघून यायचा. पोरगं इतकं आज्ञाधारक की उन्हातान्हात सायकल हाणत पर्जन्यमापकच बघायला गेलं. आल्यावर त्याने तळटीप लिहिली. ती मी जशीच्या तशी पाठ केलीय.

'पर्जन्यमापक, समक्ष पाहिला. पाहिला त्या वेळी आत चिमणीचे घरटे होते व घरट्यात तीन पिल्ले होती. सबब आकडा वापरलेला नाही.'

मी म्हटलं, "पिल्लांची संख्या कशाला?"

"सर, तेवढाच आकडा भरवशाचा होता."

खरं सांगतो, त्या दिवशी मला त्या पोराचा फार अभिमान वाटला. मी ती तळटीप कापली नाही.

*

आणि मनीषा. बोलायची कमी, तपासायची जास्त. मी एक लेख लिहिला होता, माझा छापून आलेला एकमेव म्हणा ना! तो मी वर्गात नमुना म्हणून वाटला, संदर्भ कसे द्यावेत हे कळावं म्हणून. सगळ्यांनी घडी करून दप्तरात ठेवला. ही दुसऱ्या दिवशी लायब्ररीतलं पुस्तक घेऊन टेबलापाशी उभी.

"सर, तुमी पान एकशे बारा लिव्हलंय."

"हो. मग?"

"पुस्तक शंभर पानांचं हाय, सर."

माझे कान तापले! वर्गात खसखस पिकली. बालाजी मागून म्हणाला, "कव्हर धरून मोज की!" मी काहीतरी आवृत्ती-बिवृत्ती बोललो. ती मान हलवून जागेवर गेली. मला वाचवायला म्हणूनच गेली, हे मलाही कळलं. ही पोरगी नापास होता कामा नये, हे मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं.

*

व्हायवा ढकलत ढकलत डिसेंबरात आली. बाहेरचे परीक्षक लांबून आलेले, कडक इस्त्री, खिशाला लाल पेन. चहालाही नको म्हणाले. दत्ता सुटला. बालाजी 'आकृती क्र. १'सकट कसाबसा सुटला. शेवटचा नंबर मनीषाचा.

तिचा विषय होता तिच्याच गावातली महिलांची दूध संस्था. परीक्षकांनी एक पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं.

"'संस्थेमुळे दुष्काळातही एकाही महिला सभासदास ऊसतोडीस जावे लागले नाही.' वा! आणि तळटीप सतरा : 'संस्थेचे प्रोसिडिंग, जानेवारीतील सभेचा ठराव. ठरावाच्या अनुमोदक सुमनबाई त्या दिवशी ऊसतोडीस गेलेल्या होत्या. स्रोत : सुमनबाई.'" त्यांनी चष्मा काढला. "हे काय आहे? वर एक, खाली त्याच्या उलट?"

"सर," मनीषा म्हणाली, "लेखी असंल ते वर मजकुरात घ्यायचं, तोंडी असंल ते खाली तळटिपेत, असा नियम हाय."

नियम माझाच! परीक्षकांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

"या सुमनबाई कोण?"

"माझी आई."

"म्हणजे संस्थेचं शिक्का मारलेलं प्रोसिडिंग खोटं, आणि पुरावा काय, तर तुमची आई?" त्यांनी लाल पेनचं टोपण काढलं. "स्रोत तपासता आला पाहिजे, हे शिकवलं नाही का तुम्हाला? मला हा प्रोजेक्ट परत पाठवावा लागेल."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण मनीषा माझ्या आधी बोलली. "तपासता येतो, सर. आत्ताच."

तिने फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. बराच वेळ रिंग गेली. मग उसाच्या पाचटाची सळसळ, कोणीतरी ट्रॅक्टरवाल्याला घातलेली हाक, आणि धापा टाकणारा आवाज.

"काय गं मने? झालीस का पास?"

"अजून न्हाई, आई. मोठे सर बोलत्यात. ते इचारतील ते सांग."

परीक्षक खुर्चीत जरा सावरून बसले. "नमस्कार बाई. तुमच्या गावच्या दूध संस्थेचा एक ठराव आहे. त्याला अनुमोदन म्हणून तुमचं नाव आहे. वाचून दाखवतो." आणि त्यांनी तो सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचला. दुष्काळातही. एकाही महिला सभासदास. ऊसतोडीस जावे लागले नाही.

तिकडे कोयता थांबला.

"मंग मी हितं काय करायलेय, सर?"

परीक्षकांनी लाल पेनला टोपण लावलं. माझ्याकडे हात करून पेन्सिल मागून घेतली. पानावर दोन बाण काढले, एक वरून खाली, एक खालून वर.

"हे वरचं तळटिपेत घ्या," ते मनीषाला म्हणाले, "आणि खालचं वर, मजकुरात. एवढं करा आणि बाइंडिंगला टाका. पास आहात."

फोन चालूच होता. "काय म्हणले गं सर?"

मनीषाने फोन दोन्ही हातांनी उचलला.

"पास झाले, आई. अन् तुला वर घ्या म्हणले."