किन्हीराजात फोकसबाहेर राहिलेली बाई

वाशीम जिल्ह्यात जायचं मी एका फोटोसमोर उभी असताना ठरवलं. गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या एका प्रदर्शनात तो लावला होता. दारासमोर उभा एक म्हातारा, कृष्णधवल, फिल्मवर काढलेला. पापणीचा केस न् केस मोजता यावा इतका स्वच्छ आणि त्याच्या मागे सगळं जग लोण्यासारखं विरघळलेलं. मी बराच वेळ हलले नाही. मोबाइलमध्ये त्याचा फोटो घेतला, तेव्हा ज्यांनी तो काढला ते सर मागून म्हणाले, "फिल्मचा फोटो मोबाइलने काढणं म्हणजे अत्तर बादलीत ओतणं." मी ओशाळून हसले आणि त्यांच्या पुढच्या कार्यशाळेत नाव घातलं. सरांचं नाव इथे लिहीत नाही. राग आहे, पण तेवढा विवेकही आहे.

कार्यशाळेचा नियम एकच: फक्त फिल्म. डिजिटल कॅमेरा आणलात तर गाडीच्या डिकीत राहील. आम्ही पाच जण, दोन गाड्या, त्यातली एक माझी. माझा डिजिटल कॅमेरा तिच्या डिकीत. नागपूरहून पहाटे निघालो आणि समृद्धी महामार्गाने कारंज्याला उतरलो. रस्ता गुळगुळीत आहे, पण वाटेत चहाची सोय फार कमी, तेव्हा थर्मास घ्याच. कारंज्यात गरम आलुबोंडे आणि झणझणीत रस्सा खाल्ला आणि धनजच्या बाजूला शेतांमध्ये शिरलो. सोयाबीन निघालेलं, गंज्या घातलेल्या, मध्ये तुरीच्या हिरव्या ओळी. काढणीचं यंत्र चाललं की भुसा हवेत उडतो आणि लेन्सवर बसतो, म्हणून फुंकणी आणि मऊ फडकं जवळ ठेवा.

फिल्म घेऊन जाणार असाल तर आणखी काही गोष्टी. जिल्ह्यात मला कुठे रोल मिळाला नाही आणि धुऊन देणारंही कोणी सापडलं नाही, सगळं बरोबर न्यायचं. ऑक्टोबरातही दुपारी गाडी तापते, तेव्हा रोल गाडीत ठेवू नका. आणि एका रोलच्या किमतीत वाशीमला साध्या लॉजवर रात्रीची खोली मिळते, हे दरवेळी बटण दाबताना आठवतं. मला ते आवडलंही. हात थांबतो, डोळा आधी काम करतो. दुपारी पोहरादेवीला होतो. जत्रा नव्हती, त्यामुळे देवळासमोर सावलीत बसलेल्या बायकांशी निवांत बोलता आलं. एकीने विचारलं, "काढला का फोटू? दाखव मंग." मी कॅमेऱ्याची पाठ दाखवली. काळी, कोरी. "हा कायचा कॅमेरा वो? आंधळा हाय," ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीमहून मालेगावमार्गे किन्हीराजाला गेलो. सर गाडीतून उतरतानाच म्हणाले, "माझा तो गाजलेला फोटो याच गावातला." घर त्यांनी बरोबर शोधलं. अंगणात एक चाळिशीचा माणूस ताडपत्रीवर सोयाबीन पसरत होता. सरांना पाहून त्याने हातातलं फावडं टाकलं.

"आले का सर! मंग आणला का बाबाचा फोटू?"

सर गोंधळले. "कुठला फोटो?"

"गेल्या साली काढला होता ना, याच दारात. पाठवतो म्हणे तुमी. आमी वाट पाहून राह्यलो. बाबा तर उन्हाळ्यात गेले."

"अरेरे," सर म्हणाले आणि वर आभाळाकडे बघून प्रकाश मोजू लागले.

त्या माणसाचं नाव गजानन. मी त्याला म्हटलं, फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. तो आत धावला. "आई वो, ये बाहेर, बाबाचा फोटू आला!"

सुभद्रामावशी पदराला हात पुसत आल्या, साधारण सत्तरीच्या. मोबाइल दोन्ही हातांत धरून लांब नेला, जवळ आणला. आधी चेहरा उजळला. मग त्या फोटोत काहीतरी शोधू लागल्या.

"हे तर यकटेच हायत. म्या कुठं हाव?"

मला कळेना. गजाननने सांगितलं, "आई बी होती ना फोटोत. दोघायचा मिळून तोच एक फोटू. लग्नात काही काढला नव्हता, मंग राहूनच गेला."

"म्या यायच्या मांगंच उभी होती," मावशी म्हणाल्या. "एक पाऊल सोडून. पाव्हण्यायसमोर नवऱ्याच्या बरोबरीनं कशी उभी राहू? हे म्हणे, राहा वो, तू बी येतं फोटोत. तवा पदर घेतला न् हाललीच नाही."

मी फोटो बोटांनी मोठा केला. म्हाताऱ्याचा कान आणि दाराची चौकट यांच्यामध्ये एक पांढुरका ओघळ होता. प्रदर्शनात मी त्यालाच लोणी म्हटलं होतं.

मावशींनी त्यावर बोट ठेवलं. "हा धूर व्हय का? पण चूल तर पेटली नव्हती."

गजाननला समजलं. मी सांगितलं, "मावशी, त्या तुम्ही आहात." त्यांनी आणखी थोडा वेळ पाहिलं आणि मोबाइल मला परत दिला, गरम भांडं द्यावं तसा, जपून.

ज्यांना कॅमेऱ्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. पंच्याऐंशी मिलिमीटरची महागडी लेन्स, अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं लेन्सचं छिद्र, पूर्ण उघडलेलं. अशाने पुढच्या माणसाचे डोळे लख्ख येतात आणि एका पावलावरचं सगळं वितळतं. त्या वितळण्यासाठीच लोक लाखभर रुपये मोजतात. आणि एक पाऊल मागे उभं राहायची जिला सवय लावली आहे ती बाई तिथे बरोब्बर नाहीशी होते.

परतताना गाडीत मी सरांना विचारलं, त्या बाबांचे एकूण किती फोटो काढले होते?

"दोन. दोन्ही एकाच सेटिंगवर. फिल्मवर आपण वाया घालवत नाही."

"मागे बाई होती ते दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं ना. म्हणूनच अ‍ॅपर्चर उघडलं. पार्श्वभूमीत गर्दी नको होती."

गर्दी! एक बाई, स्वतःच्या घराच्या दारात.

"डिजिटल असता तर तिथेच पडद्यावर दाखवला असता. ती लगेच म्हणाली असती, मी दिसत नाही. तुम्ही दुसरा काढला असता."

"फोटो कसा असावा हे समोरच्याने ठरवायचं नसतं," सर शांतपणे म्हणाले. "भावुक होऊ नका. त्या एकटेपणामुळेच तो फोटो मोठा झाला."

त्या फोटोचं नाव काय आहे, सांगू? 'एकटा'. बायको एका पावलावर श्वास रोखून उभी आणि नाव 'एकटा'. मी म्हटलं, निदान नाव बदला आणि त्यांना एक प्रिंट पाठवा. नाव छापून झालंय, म्हणाले. प्रिंटचं बघू. मग मी इतका आवाज चढवला की मागच्या सीटवरचे दोघे खिडकीबाहेर बघू लागले. शेवटी प्रिंट पाठवायचं कबूल झालं.

तिसऱ्या दिवशी बाकीचे लोणारकडे गेले. मी डिकीतला डिजिटल कॅमेरा काढला आणि एकटी किन्हीराजाला आले.

"यकटीचा कायले काढतं वो पोरी?" मावशी म्हणाल्या. "यायच्या संग नाही आला, आता माह्या एकलीचा काय करू?"

"माझ्यासाठी काढू द्या."

गजाननची बायको आतून म्हणाली, "काढा वो आई. नवं लुगडं नेसा, पेटीत कायले ठेवलं?" बरीच कुरबुर झाली. मग मावशी तोंड धुऊन, जांभळं लुगडं नेसून आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. गेल्या साली होत्या तिथेच. समोर रिकामा उंबरठा. 'पुढे या' असं म्हणायला मी तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "माही जागा हेच हाय."

मग मी त्यांना हलवलं नाही. अ‍ॅपर्चर तसंच उघडं ठेवलं आणि फोकस एक पाऊल मागे, त्यांच्यावर नेला.

पडद्यावर दाखवला. "नाक केवढं दिसून राह्यलं! दुसरा काढ." दुसऱ्यात डोळे मिटलेले. तिसऱ्यात पदर वाकडा. मावशी पसंत करेपर्यंत मी काढत राहिले. निघताना गजाननच्या बायकोने भाकरी आणि ठेचा बांधून दिला. शेलूबाजारजवळ गाडी थांबवून खाल्ला. डोळ्यांत पाणी ठेच्याने आलं असंही म्हणता येईल.

घरी आल्यावर मावशींचा फोटो छापून पाठवला. कार्यशाळेच्या ग्रुपवरही टाकला. सरांनी लिहिलं, 'फोकस चुकलाय. उंबरठा धूसर आहे.' मी ग्रुप सोडला. सरांच्या प्रिंटसाठी मात्र रोज मेसेज करत राहिले, आणि अखेर ती किन्हीराजाला पोचली.

तुम्ही विचारता, गंभीरपणे फोटोग्राफी करायची तर फिल्म घ्यावी की डिजिटल? माझा फिल्मचा कॅमेरा मी विकलेला नाही. झाडांचे, डोंगरांचे फोटो त्याच्यावर काढीन, त्यांना विचारायचं नसतं. माणसासमोर उभी राहीन तेव्हा पाठीला पडदा असलेला कॅमेरा नेईन आणि तो उलटा करून दाखवीन. फिल्मच्या दाण्यांचा पोत, रंगांची खोली यावर तासन् तास वाद घालणाऱ्यांना माझा नमस्कार. तुमच्या फोटोतल्या किती जणांनी तो फोटो पाहिलाय, तेवढं सांगा.

परवा गजाननने मोबाइलवर एक फोटो पाठवला. मालेगावच्या स्टुडिओवाल्याने जोडून दिलेला. सरांच्या कृष्णधवल फोटोतला म्हातारा कापून घेतलेला, त्याच्या फेट्याला गुलाबी रंग दिलेला. माझ्या फोटोतल्या मावशी कापून शेजारी लावलेल्या. मागे निळा तलाव, बर्फाचे डोंगर, दोन हंस. फिल्म कुठे संपते आणि डिजिटल कुठे सुरू होतं, कुणाच्या बापाला कळणार नाही. दोघं खांद्याला खांदा लावून उभे आहेत.

मी फोन केला. मावशींना विचारलं, आवडला का?

"स्टुडिओवाला मले मांगं लावत होता वो," त्या म्हणाल्या. "म्या म्हटलं, नाही बाप्पा. बरोबरीनं लाव."