दर्भाच्या मुळाची माती

श्रावण अमावास्येची सकाळ होती. भोकरदन तालुक्यातील आमच्या गावाबाहेर देवस्थानचे कुरण आहे. तिथे नाल्याकाठी पूर्वाभिमुख बसून मी मंत्र म्हणत दर्भ उपटत होतो. या दिवशी मुळासकट काढलेला दर्भ वर्षभर धर्मकार्याला चालतो, अशी शास्त्राची आज्ञा आहे. मागे कोणी उभे असल्याची जाणीव होती, परंतु मंत्र संपेपर्यंत मी वळलो नाही आणि तेही बोलले नाहीत. मग तिशीतले एक गृहस्थ पुढे आले. त्यांनी वहाणा दूर काढून ठेवल्या होत्या. वाकून नमस्कार करीत ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, दर्भ तुमचा. मुळाला चिकटलेली माती मला मिळेल का?”

मुहूर्त मागणारे, आशीर्वाद मागणारे, अंगारा मागणारे मला पुष्कळ भेटले होते. मुळाची माती मागणारे हे पहिलेच. तेच आपले भानुदासराव. ऐंशीच्या दशकाचा तो आरंभ होता आणि जालन्यास माती तपासण्याच्या कामावर ते नुकतेच रुजू झाले होते. ती माती त्यांनी रुमालात झेलली, बोटांनी चुरली, नाकाशी नेली आणि मग अर्धा तास ते जे बोलले ते ऐकताना मी पूजेची वेळ विसरलो. आमच्या देवाला त्या दिवशी नैवेद्य उशिरा मिळाला. माझ्या आयुष्यात असे त्याआधी कधी घडले नव्हते.

आज भानुदासरावांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. मी त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठा, आणि शिष्य मात्र मी त्यांचा. त्यांच्या या गौरवग्रंथासाठी लिहिण्याचा निरोप आला तेव्हापासून माझे मन लहान मुलासारखे नाचते आहे. काय सांगू आणि काय ठेवू, असे झाले आहे.

त्यांच्या कामाची रीत सांगतो. माती तपासून झाली की छापील कागद पाठवून ते मोकळे होत नसत. त्या कागदासोबत स्वतःच्या हस्ताक्षरात एक पोस्टकार्ड जाई. ज्याला वाचता येत नसे त्याच्या गावी ते रविवारी स्वतः जात आणि बांधावर बसून समजावीत. लोक त्यांना मातीसाहेब म्हणत. आष्टीच्या बाजारात एकाने त्यांना हाक मारून विचारले, “मातीसाहेब, आज कुणाच्या वावराची नाडी बघून राह्यले?” भानुदासरावांना या प्रश्नाचा इतका हर्ष झाला की पुढे वर्षभर ते तो सर्वांना सांगत असत.

परंतु त्यांचे मोठेपण मला खऱ्या अर्थाने कळले ते नव्या शतकाच्या आरंभी, आणि तेही माझ्या चुकीमुळे.

मोगली एरंडाच्या बियांच्या तेलावर मोटारी धावतील, अशी वार्ता तेव्हा आमच्याकडे आली. पाठोपाठ एका कंपनीचा माणूस रोपे घेऊन आला. त्याला देवस्थानचे कुरण हवे होते. प्रमुख विश्वस्त मीच. मला ती कल्पना मनापासून भावली. भूमीतून आलेल्या तेलाने आपण देवापुढे दीप लावतो, तर त्याच तेलावर रथ का चालू नये, असे मी सभामंडपात सांगितले. सर्वांनी माना डोलावल्या. सोनाबाई नावाच्या मेंढपाळ बाई तेवढ्या उभ्या राहिल्या.

“महाराज, तुमच्या रथाच्या तेलाची सोय झाली. माझ्या मेंढरायनं काय खावं? एरंडाला त्ये तोंड लावत न्हाईत.”

लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्याचे मला आजही वाईट वाटते, कारण गावातल्या साऱ्या मेंढरांचा चारा त्या एका कुरणावर होता.

भानुदासरावांनी विरोध केला नाही. त्यांनी दोन विनंत्या केल्या. कुरण अर्धेच नांगरावे, उरलेल्या अर्ध्याचा निर्णय चार वर्षांनी घ्यावा. आणि टेकडीच्या ज्या बरड उतारावर काहीच उगवत नाही तिथेही एरंड लावून पाहावा. नांगर चालण्यापूर्वी त्यांनी सगळीकडची माती घेतली. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, “गवत वर दिसतं त्याहून जास्त खाली असतं. दरवर्षी मुळं मरतात, नवी येतात, मेलेल्यांचा कर्ब, म्हणजे कार्बन, मातीत साठत जातो. नांगर घातला की आत हवा शिरते आणि तो साठा वायू होऊन उडून जातो. मोटारीच्या धुरात असतो तोच वायू. तेलामुळे वर किती वाचलं आणि खालून किती गेलं, ते मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही.”

मी थक्क झालो. यज्ञकुंडे मी जन्मभर पाहिली. पायाखाली ज्वाळेवाचून असे हवन चालते हे कोणी सांगितले नव्हते. सकाळी भूमीवर पाय ठेवण्यापूर्वी तिची क्षमा मागण्याचा आपला नेम आहे. त्या दिवसापासून माझ्या त्या प्रार्थनेला अर्थ आला.

चार वर्षे गेली. ठरल्याप्रमाणे पुन्हा माती तपासायची, त्याच सुमारास भानुदासरावांचा पाय मोडला. त्यांनी अंथरुणावरून मला पत्र लिहिले. नांगरलेल्या तुकड्यात दहा जागी सारख्या खोलीचे खड्डे घ्यावेत, माती एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवावेत, दोन टाकावेत. शेवटी उरलेल्यातली निम्मी तपासणीस पाठवावी, निम्मी कापडी पिशवीत जपावी. सारे स्पष्ट होते. मी स्नान करून, सोवळे नेसून गेलो. परंतु जागा निवडताना माझ्यातला पुरोहित जागा झाला. परीक्षेला जायचे ते उत्तमच जावे, नैवेद्याचे तांदूळ जसे निवडून घेतो तसे, असे मनात आले. लागवडीच्या मुहूर्ताला अकरा रोपांची पूजा मी केली होती. त्यांतल्याच दहांच्या बुडाची माती मी घेतली.

उत्तर आले. नांगरलेल्या जागेत कर्ब पूर्वीपेक्षा वाढला होता. माझ्या आनंदाला सीमा राहिली नाही. मी देवळात पेढे वाटले. उरलेले अर्धे कुरणही एरंडाला द्यावे असे ग्रामसभेत त्याच संध्याकाळी ठरले आणि सोमवारी सकाळी ट्रॅक्टर यायचा झाला. सोनाबाईंनी पदर सावरला आणि त्या उठून गेल्या.

निकाल कळताच शनिवारी दुपारी भानुदासराव एसटीतून काठी टेकत उतरले. मी धावत गेलो, पेढा पुढे केला. त्यांनी तो घेतला, खाल्ला, आणि जपून ठेवलेली पिशवी मागितली. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी ती माती ओतली आणि बोटाने हळूहळू पसरत नेली. मग काहीतरी उचलून माझ्यापुढे तळहात धरला. त्यावर झेंडूची एक वाळकी पाकळी होती.

“शास्त्रीबुवा, एरंडाला झेंडू कधीपासून यायला लागला?”

मला उमगायला क्षणही लागला नाही. त्या अकरा रोपांच्या बुडाशी चार वर्षे रोज देवळाचे निर्माल्य पडत होते. तशी आज्ञा माझीच होती. फुले, पत्री, दूर्वा, सारे कुजून तिथली माती समृद्ध झाली होती. मी कुरणाची परीक्षा घ्यायला निघालो होतो आणि देवाच्या फुलांची घेऊन आलो होतो. त्या पुण्याईवर सोमवारी उरलेले कुरण जाणार होते.

माझा चेहरा पाहून भानुदासराव म्हणाले, “नमुना कमी पडला, पुन्हा घ्यायचाय, एवढंच मी सभेत सांगतो. तुमचं नाव कशाला?” मी हे मुद्दाम लिहून ठेवतो आहे. दुखऱ्या पायाने इतका प्रवास करून आलेला हा मनुष्य स्वतःच्या कामात कमतरता दाखवायला तयार होता, एका म्हाताऱ्या पुरोहिताची लाज राखण्यासाठी.

ते मला मान्य झाले नाही. रविवारी सभामंडपात मी उभा राहिलो आणि पाकळी दाखवून सारे सांगितले. मग मागून सोनाबाईंचा आवाज आला, “महाराजांनी देवाचं निर्माल्यच परीक्षेला धाडल्तं, मंग पास व्हणारच की.” सारा मंडप हसला. मीही हसलो, आणि या वेळचे हसणे माझ्या मनाला बोचले नाही. ट्रॅक्टर रद्द झाला.

पुढचे दोन दिवस भानुदासराव काठीने जागा दाखवीत गेले आणि आम्ही खणत गेलो. चार भाग करण्याचे काम सोनाबाईंनी घेतले. त्यांचा हात माझ्यापेक्षा समतोल होता. आणि काय सांगू, उत्तर आले तेव्हा त्यात एक नव्हे, दोन सत्ये होती! नांगरलेल्या कुरणात कर्ब घटला होता, शेजारच्या अनांगरलेल्या गवताखाली तो पूर्वीसारखाच होता. आणि टेकडीच्या ज्या बरड उतारावर आधी काहीच नव्हते, तिथे एरंडाखाली तो वाढला होता. एकच झाड, एकच पाऊस, आणि फळ उलटे! कोणते पीक चांगले असा प्रश्नच नव्हता, त्याला जागा देण्यासाठी काय मोडले हा प्रश्न होता. ते वाचताना भानुदासरावांचा आवाज कापत होता. आपले खरे ठरले म्हणून नव्हे. जमीन इतके स्पष्ट बोलते याचा तो आनंद होता.

एरंड टेकडीवर राहिला, उरलेले अर्धे कुरण वाचले. सोनाबाईंची मेंढरे आजही तिथे चरतात. नांगरलेल्या अर्ध्यातला एरंड आम्ही काढला, आणि दोन पावसाळ्यांत तिथे गवत परतले. गावाला वाटले, झाले पूर्ववत. भानुदासराव मात्र नकारार्थी मान हलवीत राहिले.

गेल्या श्रावण अमावास्येला त्याचे कारण दिसले. त्या अर्ध्यातही आता दर्भ उगवला आहे. मी मंत्र म्हणून तो उपटला, त्यांनी नेहमीप्रमाणे रुमाल पुढे धरला, आणि माती भुरभुरत गळून पडली. मुळे उघडी, धुतल्यासारखी. चार पावलांवर, कधीच न नांगरलेल्या बाजूचा दर्भ उपटला तर मुठीएवढा काळा गोळा मुळांना घट्ट धरून वर आला. दोन्ही मुळे हातांत घेऊन भानुदासराव कितीतरी वेळ पाहत होते. “येईल,” ते म्हणाले, “पण मातीला घाई नाही.”

म्हणून आशीर्वाद देताना मी वर्षांची संख्या ठरवीत नाही. वयाच्या अधिकाराने भूमातेपुढे एवढेच मागतो: नांगरलेल्या त्या अर्ध्या कुरणात दर्भाच्या मुळाला माती पुन्हा घट्ट चिकटून वर येईल, त्या अमावास्येला रुमाल धरायला भानुदासराव असावेत, खाली बसता येईल असे त्यांचे गुडघे असावेत आणि मातीचा गंध कळेल अशी त्यांची इंद्रिये असावीत. मंत्र म्हणायला मी असेन वा नसेन. सोनाबाईंच्या नातवाला मी तो शिकवायला घेतला आहे.